मैलापाणी, कावीळ आणि बारीक चाळणी

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठी असलेल्या एका गावातून एक गर्भवती माझ्या दवाखान्यात आली. आठवा महिना चालू होता. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी गडद, उलट्या थांबत नव्हत्या. घरच्यांनी आठ दिवस झाडपाल्याच्या औषधात घालविले होते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे झाले, म्हणजे कावीळ उतरली, असे सासूबाईंचे म्हणणे. हाताला आधी चोळलेल्या पाल्यावर चुना पडला की पाणी पिवळे होते. खात्री करायची तर एखाद्या धडधाकट माणसाचे हात तसेच धुऊन पाहावेत.

मी तिला लगेच पुण्यास पाठविले. बाई वाचली, बाळ वाचले नाही. तपासणीत 'हेपॅटायटिस ई' निघाला. त्याच पंधरवड्यात त्याच आळीतून काविळीचे आणखी चार रुग्ण आले, तेव्हा मी स्वतः जाऊन पाहिले. नळाची पाईप गटारीतूनच गेली होती आणि दोन ठिकाणी जोडाशी गळत होती. पाणी एक दिवसाआड येई. पाणी बंद झाले की रिकामी पाईप बाहेरचे पाणी आत ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी तेच पहिल्या हंड्यात पडते.

हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात येतो. इतरांना महिनाभर अंथरुणाला खिळवून तो बहुधा निघून जातो. पण शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतींत शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगड नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पाणी उपशापर्यंत चढले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरिन घातले होते, त्यामुळे विषमज्वर वाढला नाही. कावीळ मात्र पसरली. ती नेहमीच्या 'अ' प्रकारची नव्हती, हे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून १९८० मध्ये कळले. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता.

आता आपला भूगोल पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. इकडे बारामतीतून वाहणारी कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला. म्हणजे इंदापूर तालुक्याला दोन्ही बाजूंनी वरच्या गावांचे पाणी. जलपर्णी माजते ती याच मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदाच्या खतावर.

आमच्याच भागातला एक मुलगा पुण्यात एका मोठ्या गृहसंकुलाचा सांडपाणी प्रकल्प सांभाळतो. त्याने मला तिथले 'मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टर' नावाचे यंत्र दाखविले. साध्या प्रकल्पात हवा सोडून जिवाणू वाढवितात, ते मैला खातात, मग गाळ तळाशी बसू देतात आणि वरचे पाणी सोडतात. १९१४ पासून जगात हीच रीत आहे. गाळ नीट बसला नाही की तो पाण्याबरोबर नदीत जातो. या नव्या यंत्रात गाळ बसण्याची वाटच पाहत नाहीत. टाकीतच शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचे जुडगे बुडविलेले असतात आणि पंप त्यांच्या भिंतीतून पाणी ओढतो. भिंतीची छिद्रे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. जुलाबाचे जिवाणू त्याहून मोठे, ते आत जाऊच शकत नाहीत. ही टाकीत बुडविण्याची युक्ती जपानमध्ये १९८९ मध्ये पुढे आली.

त्याने पेला भरून दिला. पाणी नितळ, वास नाही. मी सहज उचलला तर तो घाईने म्हणाला, "डॉक्टर, पिऊ नका हं!" बरोबरच आहे. काविळीचा विषाणू या छिद्रांहूनही लहान. बरेचसे विषाणू गाळाला चिकटून मागे राहतात, पण सगळे नव्हे. म्हणून पुढे क्लोरिन लागतेच. विरघळलेले क्षारही तसेच पार होतात. हे पाणी बागेला, संडासाला, कारखान्याच्या थंडाव्याला उत्तम.

मग हे यंत्र गावोगाव का बसवू नये? नळ्यांवर सतत गाळाचा थर चढतो. खालून हवेचे बुडबुडे सोडून तो झाडावा लागतो, अधूनमधून क्लोरिन आणि सायट्रिक आम्लाने धुवावे लागते, आणि आठ-दहा वर्षांत नळ्याच बदलाव्या लागतात. विजेचा खर्च साध्या प्रकल्पाहून बराच जास्त. जिथे पथदिव्यांचे बिल थकते, त्या ग्रामपंचायतीने या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम वरच्या शहरांचे, उद्योगांचे आणि मोठ्या संकुलांचे. त्यांनी ते केले नाही तर आम्ही खाली कितीही तुरटी फिरवली तरी काय उपयोग?

तोवर आपल्या हातातले. नळाची पाईप गटारीतून गेली असेल तर ग्रामसभेत तक्रार लेखी द्या. सांडपाण्याला शोषखड्डा करा. टी.सी.एल. पावडर उघड्या पोत्यात ठेवू नका, तिचा दम जातो. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ओ.टी. चाचणी शेवटच्या घरच्या नळावर करायला सांगा. टाकीजवळ रंग पिवळा येतोच. घरात गर्भवती असेल तर पावसाळाभर पाणी खळखळ उकळूनच द्या. आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या आळीतली पाईप गटारीबाहेर काढायला नऊ महिने लागले. ती बाई परवा आली होती. पुन्हा दिवस गेले आहेत. पाचवा महिना आहे. पाणी उकळून पिते का, असे विचारले, तर पिशवीतून तिने आपली बाटलीच काढून दाखविली.