आर्द्रेचा तारा फुटणार का? सुपरनोव्हा होणारे तारे कसे ओळखतात, जाणून घ्या

भंडारा : धानाच्या पट्ट्यात आर्द्रा म्हटले की जूनअखेरचा पाऊस आणि धानाचे पऱ्हे आठवतात. या नक्षत्राचा तांबूस तारा मात्र रात्री दिसतो तो हिवाळ्यात. जानेवारीत आठच्या सुमारास पूर्वेला पाहिल्यास मृगाच्या आकृतीत तो सहज सापडतो. यालाच काक्षी किंवा बेटेलज्यूज म्हणतात. २०१९च्या अखेरीस तो मंदावला आणि ‘आता फुटणार’ अशी चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने प्रकाश अडवला होता.

कोणते तारे फुटतात?
सूर्याच्या साधारण ८ पटींहून जड तारे. इंधन संपून गाभ्यात लोह साठले की गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर उधळतात. हाच सुपरनोव्हा.

ओळख कशी पटते?
चोरीनंतर पोलिस जुने सीसीटीव्ही फुटेज तपासतात, तसाच हा तपास. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवरील एम १०१ दीर्घिकेत सुपरनोव्हा दिसला. हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींच्या जुन्या छायाचित्रांत त्याच जागी धुळीने वेढलेला तांबडा महाराक्षसी तारा सापडला. लडाखच्या हानले येथील भारतीय दुर्बिणीनेही या स्फोटाचा अभ्यास केला. उजेड ओसरल्यावर जुना तारा जागेवर नसेल, तर ओळख पक्की.

कोडे काय आहे?
सिद्धांतानुसार सूर्याच्या २५ पटींपर्यंतचे तांबडे तारेही फुटायला हवेत. पण आतापर्यंत ओळख पटलेले बहुतेक तारे १८ पटींच्या आतले आहेत. मग जड तारे जातात कुठे? काहींच्या मते ते स्फोट न होता थेट कृष्णविवर होतात. काहींच्या मते धुळीमुळे ते फिके दिसतात आणि त्यांचे वजन कमी मोजले जाते. जून २०२५ मधील एका सुपरनोव्हाचा मूळ तारा जेम्स वेब दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत सापडला. तोही धुळीने झाकलेला होता.

आपल्याला काय त्याचे?
आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः अशाच जड ताऱ्यांत तयार झाला. तारा फुटला तर तो अवकाशात पसरतो, कृष्णविवर झाला तर बराचसा आतच अडकतो.

आर्द्रेचे काय?
हा तारा येत्या लाखभर वर्षांत फुटेल, असा अंदाज आहे. तो इतका दूर आहे की पृथ्वीला धोका नाही. तारीख आधी सांगण्याची पद्धत अजून नाही. त्यामुळे ‘आज रात्री तारा फुटणार’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करू नका.