क्षितिजाआडचा अग्निबाण

रात्रीच्या निरभ्र आकाशात एखादी तेजस्वी रेघ सरकत गेली, की दुसऱ्या दिवशी मुले शाळेत येताच गुरुजींना विचारतात, "ते काय होते?" त्या वेळी मिळालेले उत्तर सायंकाळपर्यंत घरोघर पोचते. खेड्यात शिक्षकाच्या शब्दाला वजन असते. म्हणून ते उत्तर अचूक असणे अगत्याचे आहे. या दृष्टीने अग्निबाणाच्या रात्रीच्या उड्डाणाचे एक प्रसिद्ध उदाहरण समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या किनाऱ्यावरून 'अपोलो १७' हे चांद्रयान दि. ६ डिसेंबर १९७२ रोजी रात्री ९ वाजून ५३ मिनिटांनी निघावयाचे होते. परंतु अवघे ३० सेकंद उरले असता स्वयंचलित यंत्रणेतील दोषामुळे उलटी गणती थांबली. २ तास ४० मिनिटांच्या विलंबानंतर, मध्यरात्र उलटून १२ वाजून ३३ मिनिटांनी, सुमारे ११० मीटर उंचीचा 'सॅटर्न ५' अग्निबाण झेपावला. माणसे घेऊन रात्री निघालेले अमेरिकेचे हे पहिलेच यान होय. ते पाहण्यास परिसरात सुमारे पाच लाख लोक जमले होते. दक्षिणेस सुमारे ३१५ किलोमीटर दूर असलेल्या मायामी शहरातूनही उत्तरेच्या आकाशात एक तांबडी रेघ दिसली. ८०० किलोमीटरपर्यंत हे उड्डाण दिसल्याची नोंद आहे.

उशिरा का दिसतो?

पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचा अग्निबाण प्रथम क्षितिजाआड असतो. तो किती उंच चढला म्हणजे दिसेल, हे साध्या गणिताने काढता येते. अंतराचा वर्ग करावा व त्यास पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे सुमारे १२,७४० किलोमीटरने भागावे. ८० किलोमीटरवरून पाहणाऱ्यास अग्निबाण सुमारे अर्धा किलोमीटर चढल्यावर दिसतो. मायामीस तो सुमारे पावणेआठ किलोमीटर, तर ८०० किलोमीटरवर सुमारे ५० किलोमीटर चढावा लागतो. हवेतील वक्रीभवनामुळे यात थोडा फरक पडतो. वरच्या इयत्तेच्या मुलांकडून ही उदाहरणे अवश्य सोडवून घ्यावीत.

तेज, रंग आणि आवाज

सॅटर्नच्या पहिल्या टप्प्यात रॉकेलच्याच जातीचे शुद्ध इंधन व द्रवरूप प्राणवायू जळत असे. कंदिलाची ज्योत ज्या तप्त काजळीच्या कणांमुळे पिवळी व प्रकाशमान होते, त्याच कारणाने ही ज्वालाही अतितेजस्वी दिसे. क्षितिजालगतच्या प्रकाशास हवेच्या जाड थरातून यावे लागते. वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि तांबडा उरतो. मावळता सूर्य तांबडा दिसतो तो याच कारणाने.

आवाजाची गोष्ट विजेसारखी आहे. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून साडेपाच किलोमीटरवरील प्रेक्षकांस तो सुमारे १६ सेकंदांनी ऐकू येतो. शेकडो किलोमीटरवर पोचण्यापूर्वीच तो विरून जातो. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास सर्व दृश्य निःशब्द भासते. पुढे अग्निबाण समुद्रावर दूर जाऊ लागला, की तो खाली उतरत आहे असा भास होतो. वस्तुतः तो चढतच असतो.

वर्गातील प्रयोग

खोली अंधारी करून मेजावर घागर पालथी ठेवावी. एका मुलाने घागरीच्या एका बाजूस डोळा टेकवून पाहावे. शिक्षकांनी पलीकडच्या बाजूस पेटलेली उदबत्ती धरून ती सावकाश वर न्यावी. काही उंचीवर तिचे टोक एकदम दिसू लागेल. उदबत्ती घागरीभोवती आणखी दूर सरकवून प्रयोग पुन्हा केल्यास ती अधिक उंच न्यावी लागते, हे मुलांच्या ध्यानी येईल.

आपल्याकडील अनुभव

दि. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्राच्या अनेक भागांतून जळते गोळे आकाशातून जाताना दिसले. अनेकांना तो उल्कापात वाटला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे येऊन पडले. ते वातावरणात परत शिरलेल्या चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. वर चढणाऱ्या अग्निबाणाची ज्वाला बहुधा एकाच ठिणगीसारखी दिसते. परत येणाऱ्याचे तुकडे होऊन अनेक ठिणग्या लांब शेपट्यांसह एकाच दिशेने जातात. हा भेद मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवावा. तसेच आकाशातून पडलेल्या वस्तूस हात लावू नये, तिच्याजवळ गर्दी करू नये आणि पोलीस पाटील किंवा तलाठी यांस तत्काळ कळवावे, हेही निक्षून सांगावे.

आकाशात काही अपूर्व दिसले म्हणजे भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मुलाने उदबत्ती घागरीआडून वर येताना पाहिली आहे, ते त्या रात्री घरातील मोठ्या माणसांनाही धीर देऊ शकेल.