मॅक्सीचं चॉकलेट

मॅक्सी चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. आई ते हिरव्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधेल?

आपण म्हणू, निळ्या कपाटात. पण १९८३ साली ऑस्ट्रियातल्या विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना हे विचारलं, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांनी हिरवं कपाट दाखवलं. चार ते सहा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांनी मात्र बरोबर उत्तर दिलं.

खरं काय आहे आणि मॅक्सीला काय वाटतंय, ही दोन चित्रं एकाच वेळी मनात धरणं लहानग्यांना जमत नाही. मेंदूतला उजव्या कानाच्या वरचा, थोडा मागचा भाग या कामात विशेष भाग घेतो. वाढत्या वयाबरोबर तो या कामात तरबेज होत जातो.

गंमत म्हणजे स्वतःच्या मनाबाबतही असंच घडतं. गॉपनिक आणि अ‍ॅस्टिंग्टन यांच्या १९८८ मधल्या प्रयोगात गोळ्यांच्या डबीतून पेन्सिली निघाल्या. ‘उघडण्यापूर्वी तुला आत काय वाटलं होतं?’ या प्रश्नावर तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, ‘पेन्सिली!’

हसू येतं ना? पण एखादी गोष्ट समजली की ती आपल्याला पूर्वी समजत नव्हती, हे आपणही विसरतोच. ०.२५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी, असं कुणी लिहिलं तर आपण फुली मारून पुढे जातो. त्याला २५ आणि ५ दिसत असतात. ‘तुला असं का वाटलं?’ एवढं विचारलं, तर निळं कपाट आपल्यालाही दिसेल.