खसखशीच्या जागी तीळ

दीपावली समीप आली की नौपाड्यातील घरोघरी अनारशांच्या पिठाची सिद्धता सुरू होते. घंटाळी देवीच्या दर्शनास आम्ही गेलो असता एका माउलीने पुसले, "बुवा, लेक दुबईस असते. तिकडे खसखस मिळत नाही. जाणाऱ्याच्या सामानात पुडी घालून देऊ का? की तिळाचे अनारसे नैवेद्यास चालतील?"

खसखस हे अफूच्या बोंडातील बी, म्हणून तेथील कायद्याने ते निषिद्ध. चिमूटभर पुडीपायी प्रवाशावर कारावासाचा प्रसंग ओढवेल. तेव्हा पुडी पाठवू नये, हे आम्ही प्रथम सांगितले.

राहिला नैवेद्य. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात जैमिनींनी प्रतिनिधिद्रव्याचा विचार केला आहे. व्रीही न लाभल्यास त्याच्याशी अधिकाधिक साम्य असलेला नीवार घ्यावा. देवता, अग्नी, मंत्र व क्रिया यांना मात्र प्रतिनिधी नाही. यज्ञाला जे चालते ते स्वयंपाकघरास का चालू नये?

साम्य मात्र चवीचे पाहावे. जिरे आणि बडीशेप दिसावयास सारखी, परंतु चवीस भिन्न. जायफळ नसेल तर जायपत्री चालते, कारण दोन्ही एकाच फळाची. पांढरे तीळ खसखशीसारखेच स्निग्ध, तळल्यावर खमंग. बिहारातील गयेचे अनारसे तर तिळाचेच असतात.

माउलीने पुडी पुन्हा पिशवीत ठेवली. लेकीच्या देव्हाऱ्यात यंदा तिळाचे अनारसे असतील. देव तोच, भावही तोच.