फडावरची मुले आणि शेजारची शाळा

दिवाळी आटोपली की बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, कारखान्याच्या भाषेत 'एक कोयता', पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची वाट धरते. मुलेही सोबत येतात. शाळेचे पहिले सत्र तेवढे पदरात पडलेले असते. परतताना मार्च-एप्रिल उजाडतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर येते. असे दोन-तीन हंगाम गेले की मुलाचे नाव पटावर राहते, वाचन मात्र सुटते.

शिरोळ, हातकणंगले, वाळवा या पट्ट्यातील आपल्या समाजबांधवांना हा विषय परका नाही. ऊस आपला, फडही आपलाच. आईवडील पहाटेच तोडणीला गेले की कोपीवर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची शाळा कोणती, हे आपण सहसा विचारत नाही.

कायदा तिच्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेशाचा अधिकार दिला. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, किंवा जन्माचा पुरावा जवळ नाही, एवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवले आहे. मूळ शाळेने मुलासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे नव्या शिक्षकाला त्याची इयत्ता व प्रगती कळावी, अशीही सोय राज्यात आहे. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला वाटते, ज्या देशात खातेदार कोणत्याही शाखेतून व्यवहार करू शकतो, तेथे एका मुलाची इयत्ता जिल्हा ओलांडताना हरवू नये.

पूर्वी 'जनार्थ'सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या. वसईकडे 'विधायक संसद'ने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. त्या काळी त्यांचे मोल फार मोठे होते. तरीही तळावरच्या तात्पुरत्या वर्गापेक्षा जवळची नियमित शाळा किंवा गावातच राहून शिकण्यासाठी हंगामी वसतिगृह मला अधिक योग्य वाटते. अर्थात वसतिगृहाने सारे सुटत नाही. घरी आजी-आजोबा नसतील, तर वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आई धजत नाही, आणि तिची भीती अनाठायी नसते. सीमाभागात तर मराठी मुलापुढे कन्नड शाळा येते.

कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच भागातले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. चतुर्विध दानात ज्ञानदान आहे, हे आपण प्रवचनात ऐकतो. येथे ज्याला द्यायचे तो आपल्याच बांधावर उभा आहे.

यास फार मोठा निधी लागत नाही. तळापासून शाळा तीन-चार किलोमीटरवर असते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ. म्हणून मुले जात नाहीत. सकाळ-संध्याकाळ एका वाहनाची सोय, धाकट्या भावंडांसाठी तळावर एखादे पाळणाघर आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन 'ही मुले आमच्या फडावरची' असे सांगणारा गावातला एक वडीलधारा माणूस, एवढे प्रथम हवे. नुसत्या वह्या वाटून हे होणार नाही. पाळणाघराविना तर मोठी मुलगी शाळेत येणारच नाही.

हंगामात कोणत्या मुकादमाकडे किती कोयते, ही नोंद कारखान्याजवळ असते. त्याच नोंदीत मुलांची संख्या, वये व इयत्ता यांचे रकाने घालावेत, हा ठराव सभासद वार्षिक सभेत मांडू शकतात. मोळीपूजनापर्यंत ती माहिती शाळेकडे पोहोचली, तर दुसरे सत्र सुरू होताना ही मुले वर्गात बसलेली असतील.