सरोवरकाठचे सायकलमार्ग : बोडनझे आणि कोमो सरोवरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

युरोपातील आल्प्स पर्वताच्या परिसरात लहानमोठी अनेक सरोवरे असून त्यांच्या काठाने जाणारे रस्ते सायकलस्वारांच्या विशेष आवडीचे आहेत. या मार्गांचे वर्णन करताना 'निसर्गरम्य' हे विशेषण सर्रास वापरले जाते. त्यामुळे सर्व सरोवरकाठचे रस्ते सारखेच असावेत आणि पाण्याची पातळी समान असल्याने काठचा रस्ताही सपाट असावा, असा समज होतो. हा समज केवळ चुकीचा नव्हे, तर प्रसंगी धोकादायकही आहे. सरोवर कसे निर्माण झाले यावर त्याच्या काठाचे स्वरूप अवलंबून असते आणि काठाच्या स्वरूपावर तेथील रस्ता. हा संबंध बोडनझे व कोमो या दोन सरोवरांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सरोवरांची निर्मिती

ही दोन्ही सरोवरे हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगट भागांत तयार झाली आहेत. मात्र हिमनदीला मिळालेली जागा दोन्ही ठिकाणी भिन्न होती. बोडनझे, म्हणजेच कॉन्स्टन्स सरोवर, आल्प्सच्या उत्तर पायथ्याशी आहे. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून आलेली हिमनदी येथे डोंगरातून बाहेर पडून मोकळ्या प्रदेशात पसरली. त्यामुळे सुमारे ५३६ चौ. कि.मी. क्षेत्रफळाचे विस्तीर्ण सरोवर तयार झाले आणि त्याच्या बहुतांश काठावर सौम्य उताराची जमीन राहिली.

इटलीतील कोमो सरोवराची स्थिती याच्या उलट आहे. येथे हिमनदी डोंगरांच्या मध्येच कोंडली गेली होती. पसरण्यास वाव नसल्याने तिने दरी खोलवर कोरली. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे १४६ चौ. कि.मी. एवढेच असले तरी खोली ४०० मीटरपेक्षा अधिक आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १९८ मीटर उंचीवर असल्याने त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही २०० मीटर खाली जातो. पाण्याखालचा हा तीव्र उतार पाण्याबाहेरही तसाच वर चढत जातो. सपाट जमीन येथे दुर्मीळ आहे.

बोडनझेचा परिक्रमा मार्ग

बोडनझेच्या भोवती सुमारे २६० कि.मी. लांबीचा सायकलमार्ग असून तो जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या तीन देशांतून जातो. मार्गावर दिशादर्शक फलक आहेत आणि बराचसा भाग मोटारींच्या वर्दळीपासून वेगळा आहे. फळबागा, द्राक्षमळे, लिंडाउ हे बेटावरील जुने नगर, ब्रेगेन्ट्सजवळ अगदी काठापर्यंत येणारा डोंगर आणि त्यापुढील ऱ्हाइनच्या मुखाजवळचा सपाट प्रदेश, असे दृश्य क्रमाने बदलत जाते. मोठे चढ नसल्याने वृद्ध व लहान मुलेही टप्प्याटप्प्याने हा प्रवास करू शकतात. कॉन्स्टन्स आणि मेयर्सबुर्ग यांच्या दरम्यान १९२८ पासून वाहनवाहू बोट चालते. तिच्या साहाय्याने परिक्रमा निम्म्यावर आटोपती घेता येते. थकलेल्याला परतीची वाट मोकळी असणे, हे या मार्गाचे मोठे वैशिष्ट्य होय.

कोमोचा डोंगरी मार्ग

कोमो सरोवराचा आकार उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा आहे. त्याच्या दोन फाट्यांमधील टोकावर बेल्लाजिओ हे गाव वसले आहे. पश्चिम काठाचा रस्ता प्राचीन रोमन मार्गाचा वारसा सांगणारा असून गावांमध्ये तो दगडी भिंतींच्या मधून अरुंद होत जातो. बस समोर आल्यास सायकलस्वाराला बाजूला होण्यास जागा उरत नाही. येथे वाऱ्याचाही विचार करावा लागतो. स्वच्छ हवामानात सकाळी उत्तरेकडून 'तिवानो' व दुपारी दक्षिणेकडून 'ब्रेवा' हे वारे वाहतात. म्हणून सकाळी दक्षिणेकडे जाऊन दुपारी उत्तरेकडे परतणे सोयीचे ठरते.

बेल्लाजिओहून गिसाल्लोच्या खिंडीकडे जाणारा घाट विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे साडेआठ कि.मी. अंतरात रस्ता ५०० मीटरहून अधिक उंची गाठतो व ७५४ मीटरवर पोहोचतो. सरासरी चढ शेकडा ६ असला तरी ही सरासरी फसवी आहे. मधला काही भाग जवळजवळ सपाट असल्याने उरलेल्या भागात चढ शेकडा ९ किंवा त्याहून अधिक होतो. सायकलसह ८५ किलोग्रॅम वजन ताशी १० कि.मी. वेगाने अशा चढावर नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २०८ वॅट शक्ती लागते. शेकडा २ चढावर हेच काम सुमारे ४६ वॅटमध्ये होते. म्हणून या मार्गाची निवड करताना सरासरीपेक्षा सर्वाधिक चढ पाहणे आवश्यक आहे.

याच परिसरातील 'मुरो दी सोर्मानो' हा दोन कि.मी.हूनही कमी लांबीचा रस्ता काही ठिकाणी शेकडा २५ इतका चढतो. लोम्बार्डीच्या प्रसिद्ध शर्यतीत १९६० ते १९६२ या काळात त्याचा समावेश होता. अनेक स्पर्धकांना तो पायी चढावा लागल्याने पुढे तो वगळला गेला आणि २०१२ मध्ये पुन्हा घेतला गेला.

उताराचा प्रश्न

चढ थकवितो, परंतु जीवघेणा ठरतो तो उतार. चढताना साठलेली ऊर्जा उतरताना परत मिळते आणि वेग आवरायचा तर ती ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च करावी लागते. वेग दुप्पट झाला की केवळ ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. म्हणून वळणावर नव्हे, तर वळणापूर्वीच वेग कमी करणे इष्ट असते. २०२० च्या लोम्बार्डी शर्यतीत सोर्मानोच्या उतारावर बेल्जियमचा रेम्को एव्हनपूल हा तरुण स्पर्धक पुलाच्या कठड्यावरून खाली कोसळला व त्याच्या कटिभागाचे हाड मोडले. निष्णात स्पर्धकाची ही स्थिती असेल, तर नवख्या प्रवाशाने दृश्याकडे पाहत उतरणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

गिसाल्लोच्या माथ्यावर मेरीमातेचे एक छोटे प्रार्थनास्थळ आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये तेथील मातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून घोषित केले. आत नामवंत स्पर्धकांच्या सायकली व जर्सी जपून ठेवल्या आहेत. त्यांतच कोमो येथे जन्मलेल्या फाबिओ कासार्तेल्ली याची सायकल आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारा हा खेळाडू १९९५ च्या फ्रान्समधील शर्यतीत डोंगर उतरताना पडून मृत्यू पावला. त्या वेळी त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले ते २००३ मध्ये. शेजारीच २००६ पासून सायकलींचे संग्रहालयही आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, सरोवरकाठच्या मार्गाचे सौंदर्य आणि त्याची अवघडता ही एकाच भूरचनेची दोन रूपे आहेत. कोमोच्या ज्या उभ्या कड्यांमुळे दृश्य विलोभनीय होते, त्याच कड्यांमुळे रस्ता अरुंद व तीव्र होतो. बोडनझेच्या ज्या सौम्य काठामुळे दृश्य शांत वाटते, त्याचमुळे तो मार्ग सर्वांना खुला होतो. म्हणून मार्गाची निवड केवळ छायाचित्रांवरून न करता चढाचे प्रमाण, रस्त्याची रुंदी, वाऱ्याची दिशा व परतीची सोय यांवरून करावी. सरोवराचे सौंदर्य मनात साठवून सायकलस्वार सुखरूप घरी परतणे, हीच निसर्गरम्य मार्गाची खरी कसोटी मानावी लागेल.