फाशांची पिशवी आणि पिठाचा कोंबडा

आंबिवली स्टेशनजवळ किराणा मालाचे जुने दुकान असलेल्या एका मारवाडी जैन कुटुंबात गेल्या चातुर्मासात एक लहानसा पेच उभा राहिला. घरचा धाकटा मुलगा, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, दर रविवारी सकाळी खाखऱ्याचा डबा घेऊन कल्याणला मित्राकडे जातो आणि सूर्यास्ताच्या आत परततो, एवढेच घरी ठाऊक होते. एके दिवशी त्याच्या दप्तरातून एक मखमली पिशवी निघाली आणि तिच्यातले सात फासे दादींच्या पुढ्यात सांडले.

सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे. दादींचा चेहरा उतरला.

फासे नेहमीचे नव्हते. त्यांत सहा बाजूंचा एकच. बाकीचे चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. या खेळात पैसा लावत नाहीत, कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही, हे मुलाने परोपरीने सांगितले. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला; पहिली आवृत्ती अवघ्या हजार प्रतींची होती. आज अशा खेळांचा मोठा परिवार झाला आहे आणि त्यांना रोलप्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. इतर जण एकेक पात्र होऊन ‘आता मी असे करतो’ एवढेच बोलतात. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचे अंक मिळवायचे आणि सूत्रधाराने ठरवलेली संख्या गाठली की काम फत्ते. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चपळता, सहनशक्ती, बुद्धी, विवेक आणि प्रभाव यांचे आकडे, शिवाय जवळच्या वस्तूंची आणि नाण्यांची नोंद. वडिलांनी तो कागद चष्म्याजवळ धरून पाहिला आणि ‘खतावणी बरी ठेवली आहेस’ इतकाच शेरा दिला. मूळ आवृत्तीत मिळवलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळत असे, हे त्यांना ठाऊक असते तर शेरा कदाचित थोडा लांबला असता.

मुलाने पात्र निवडले होते सार्थवाहाचे, म्हणजे तांडा घेऊन देशोदेशी फिरणाऱ्या व्यापाऱ्याचे. जैन कथासाहित्यात पावलोपावली भेटणारा हा माणूस. दादींना ते आवडले. मग त्यांनी विचारले, “वाटेत मारतोस कोणाला?”

“खरे कोणी नसते, दादी. गुहेतले राक्षस, तेही बोलण्यातले.”

“यशोधराचा कोंबडाही पिठाचाच होता,” दादी म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या.

ही कथा वाचकांना परिचित आहे. हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’त ती आहे, सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेले ‘यशस्तिलक’ तर तिच्यावरच उभे आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी आईने पशुबळी सुचवला, राजा यशोधराने नकार दिला आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून कापला. रक्त सांडले नाही, पण संकल्प मारण्याचाच होता. त्यापायी मायलेक दोघेही कितीतरी जन्म पशुयोनीत भटकले. कल्पनेतल्या वधाला पाप लागते का, हा प्रश्न जैन आचार्यांनी हजार वर्षांपूर्वीच इतक्या बारकाईने हाताळला होता. मुलाच्या मनातून तो कोंबडा जाईना.

पुढच्या रविवारी त्याने टेबलावर जाहीर केले, की त्याचा सार्थवाह संकल्पी हिंसा करणार नाही. कोणी अंगावर आले तर तेवढा बचाव करील. मित्र हसले, पण सूत्रधाराने मान्य केले. खेळात तशी मनाई नाही. त्याच दिवशी पुलावर लुटारूंनी तांडा अडवला. बाकीच्यांच्या मते झोपेतच त्यांचा काटा काढणे सोपे होते. सार्थवाहाने बोलणी करायचे ठरवले. फासा पडला तीन! लुटारू बिथरले, धान्याच्या गोणी गेल्या आणि एका मित्राचे पात्र, सात-आठ महिने जपून वाढवलेले, त्या झटापटीत मेले. ‘तुझ्या व्रताची किंमत मी का मोजायची?’ असे म्हणून तो मित्र उठून गेला आणि पुढचे दोन रविवार आला नाही. हा राग लटका नव्हता. आपल्या तत्त्वाचा भार भागीदारावर पडतो तेव्हा काय करावे, हे पेढीवर बसणाऱ्यांनाही सोपे नसते. मुलाने फोन केला, क्षमा मागितली, पण व्रत सोडले नाही. मित्र तिसऱ्या रविवारी नवे पात्र घेऊन आला.

पर्युषणात दादींनी ट्रंकेतून कापडी पट काढला. ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड म्हणतात तो. सापशिडी त्याच कुळातली. इंग्लंडच्या बाजारात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. महाराष्ट्रात हाच प्रकार मोक्षपट म्हणून ओळखला जातो. जैन पटावर बहुधा चौऱ्याऐंशी घरे असतात. सद्गुणांच्या घरातून शिड्या वर जातात, दुर्गुणांच्या घरातून साप खाली ओढतात आणि माथ्यावर सिद्धशिला असते. जेकब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला आहे. म्हणजे दादींच्या ट्रंकेतली वस्तू तिकडे संशोधनाचा विषय झाली आणि तिकडचा खेळ इकडे नातवाच्या दप्तरात आला.

दोघे खेळले. नातू दोनदा सापाच्या तोंडी गेला. “यात मला काही ठरवताच येत नाही,” तो म्हणाला, “जे दान पडेल ते. तिकडे आधी मी ठरवतो, मग फासा.”

“कर्माचा उदय असाच असतो, विचारून येत नाही,” दादी म्हणाल्या. नातवाने मान हलवली, पण पुरुषार्थाचे काय, असे विचारायला तो चुकला नाही. त्यावर उत्तर आले नाही. दादींनी कवड्या गोळा केल्या, पटाची घडी घातली आणि दिवा लावायला उठता उठता विचारले, “त्या पुलावरच्या लुटारूंचे पुढे काय झाले रे?”